हिरवं कडं

आमच्या नांदणवाडीत बाळंतिणीला 'कशी आहेस?' असं कुणी विचारत नाही. फोनवर बघतात.

ही काही पूर्वापार पद्धत नव्हे. मी सातवीत होते तेव्हा सुरू झाली, आता अकरावीत आहे. तेवढ्यात ती लोकांच्या इतकी अंगवळणी पडली की विचारू नका. 'मातृप्रसन्न' नावाची योजना आली. गरोदर बाईच्या मनगटात एक कडं चढवायचं. दिसायला पाटलीसारखं, वजनाला हलकं, आणि वरच्या अंगाला मसुरीएवढा दिवा. हिरवा असेल तर आई आनंदात. पिवळा झाला तर लक्ष ठेवा. लाल झाला तर डॉक्टर. हाच दिवा नवऱ्याच्या, सासूच्या, आईच्या आणि आशाताईंच्या फोनवरही दिसतो. मन बाईचं, मालकी चौघांची! पण कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. उलट हिरवी साडी, हिरवा चुडा आणि आता हिरवा दिवा, कसं अगदी जुळून आलं म्हणे.

माझी ताई प्रणोती. लग्नाआधी तिला अख्खा तालुका आवाजावरून ओळखायचा, कारण ती कुस्त्यांच्या मैदानात समालोचन करायची. जत्रेच्या मैदानात माईकवर बोलणारे सगळे मिशीवाले, आणि त्यांच्यात ही एकटी, ओढणी कमरेला बांधून. "आणि पट काढला! काढला रे काढला! अहो बघताय काय नुसतं, टाळ्या वाजवायला काय पाहुणे बोलवायचे?" लोक कुस्तीला जेवढी दाद द्यायचे तेवढीच हिच्या बोलण्याला. घरात कुकरची शिट्टी झाली तरी ही तिचं समालोचन करायची. बाबा म्हणायचे, "हिला लग्नानंतर सासरचे परत पाठवतील." तसं काही झालं नाही. तिचं लग्न झालं, ती अकलूजला गेली, दाजी पवनचक्क्यांच्या कंपनीत, फिरतीवर गुजरातला. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला ती आमच्याकडे आली तेव्हा तिचा आवाज शेजारच्या खोलीत पोचत नव्हता.

आमच्या घरातल्या समस्त बायकांनी यावर एकमतानं निदान केलं.

"समंजस झाली गं बाई," आत्या म्हणाली.

"आईपण आलं की येतोच शहाणपणा," कमलकाकू म्हणाल्या. कमलकाकू आमच्या समोर राहतात आणि बहुतेक वेळ आमच्याच घरात असतात. "नाहीतर केवढी वटवट करायची!"

बघा, म्हणजे मुलीचा आवाज गेला की लोकांना काळजी वाटत नाही, त्यांना ती प्रगती वाटते. घसा बसला असता तर हळददूध तरी दिलं असतं.

आता कड्याबद्दल थोडं सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातून झाला. माणूस खिन्न झाला की त्याच्या बोलण्यात बदल होतो. स्वर वर-खाली होत नाही, सपाट होतो. दोन शब्दांमधली जागा लांबते. नाडीतही फरक पडतो: निरोगी माणसाच्या नाडीचे ठोके घड्याळासारखे काटेकोर नसतात, त्यांच्यात बारीकशी लवचीकता असते, आणि मन मिटलं की तीही कमी होते. झोप तुटक होते. कडं हे सगळं ऐकतं आणि मोजतं. पण कुणाशी तुलना करून? इथं ते बनवणाऱ्यांनी खरंच डोकं लावलंय, हे मला मान्य करावंच लागेल. एखादी मुळातच अबोल असते, एखादी आमच्या ताईसारखी भोंगा असते. दोघींना एकच फूटपट्टी लावली तर अबोल बाई जन्मभर लाल दिसेल. म्हणून कडं बाईची तुलना तिच्याशीच करतं. हातात घातल्यावर पहिले काही दिवस ते काहीच सांगत नाही, नुसतं ऐकतं. त्या दिवसांची जी सरासरी निघेल ती तिची आधाररेषा. पुढं ती त्या रेषेच्या खाली गेली, की पिवळा, मग लाल.

म्हणून नियम असा की कडं गरोदरपण कळल्या कळल्या घालायचं. बाई तिच्या नेहमीच्या मनःस्थितीत असताना.

आणि आमच्याकडे काय? पहिले महिने तोंडातून शब्द काढायचा नाही, दृष्ट लागते. सरकारला सांगितलं की आशाताईंना कळणार, आशाताईंना कळलं की गल्लीला कळणार. शिवाय नुसतं कडं घालण्यात काय मजा? त्यापेक्षा डोहाळजेवणात, चुडा भरताना, सगळ्याजणी जमलेल्या असताना घातलं की फोटो छान येतात. आता तर फुलांचे दागिने करून देणाऱ्या बाईच्या दरपत्रकात 'कडं चढवणे, झोपाळ्यासह' असं लिहिलेलं असतं. आशाताईसुद्धा दरवेळी म्हणतात, "उशीर झालाय हं, खरं तर लवकर घालायला हवं होतं," आणि तेवढं म्हणून ताटावर बसतात.

ताईला फुलांच्या चंद्रकोरीवर बसवलं. मोगऱ्याचा मुकुट, हातात फुलांचा धनुष्यबाण. असा धनुष्यबाण बाईच्या हातात का देतात हे मला आजपर्यंत कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. नेम धरायला बऱ्याचजणी समोर होत्या, पण तिनं तो नुसता मांडीवर ठेवला. चुडा भरला, कडं चढवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि कडं ऐकू लागलं.

थोड्या दिवसांनी दिवा लागला. हिरवा. आईनं देवापुढं साखर ठेवली.

*

मुलगी झाली. गोड आहे, नाकाला दाजींचा दोष आहे पण चालेल. ताईला मागच्या खोलीत ठेवली: खिडक्या बंद, कानाला रुमाल, पलंगाखाली शेगडी, ओव्याची धुरी. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. बघायला येणाऱ्या बायका आत जायच्या, बाळाच्या हातात काहीतरी कोंबायच्या, आणि ताईकडे न बघता तिच्या मनगटाकडे बघायच्या.

"अगं बाई, हिरवागार!"

"पहिल्या दिवसापासून," आई म्हणायची. जसं काही तिनं स्वतः रंगवलं होतं. "एकदासुद्धा पिवळं नाही. विहीणबाईंचा रोज सकाळी मेसेज येतो, 'सून हिरवी बघून बरं वाटलं.'"

सून हिरवी! भाजी आहे का ती?

यात आमच्या वॉर्डातले एक होतकरू पुढारी, त्यांना सगळे भैया म्हणतात, त्यांनी 'हरितमाता सन्मान' जाहीर केला. ज्या मातेचा दिवा सव्वा महिना अखंड हिरवा, तिला साडी, नारळ आणि चौकात फलक. फलकावर भैयांचा चेहरा हंड्याएवढा आणि मातांचे वाटाण्याएवढे. आमच्या आईनं ताईचा फोटो आधीच पाठवून ठेवला होता. डोहाळजेवणातला. त्यात ताई अशी दिसते जशी कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवलीय.

एका दुपारी आई बाळाला तेल लावत होती आणि मी ताईजवळ बसून शाळेतल्या गमती सांगत होते. आमच्या रसायनच्या सरांची नक्कल केली. ही नक्कल मी ताईकडूनच शिकले. पूर्वी ती माझ्या नकलेत दहा चुका काढायची. आता माझ्याकडे बघत होती, पण तिचं लक्ष कुठंतरी माझ्या मागच्या भिंतीत होतं.

मग तिनं उशीखालून तिचा माईक काढला. तिच्या पहिल्या मैदानाच्या मानधनातून घेतलेला, ज्याला ती कुणाला हात लावू द्यायची नाही अशी वस्तू.

"हा तुला घे."

"मला? कशाला?"

"मला लागणार नाही आता."

"असं काय करतेस? बाळ मोठं झालं की परत—"

"तने," ती म्हणाली. शब्दाशब्दाच्या मधे एवढी जागा, की त्यातून बैलगाडी जावी. "बाळ तुझ्या आवाजानं झोपतं. तू इथंच असशील ना? बारावीपर्यंत तरी?"

"तू कुठं असशील?"

तिनं माईक माझ्या मांडीवर ठेवला. मनगटावर दिवा हिरवा. मस्त, टवटवीत हिरवा.

मला त्या दिवसापासून भीती वाटायला लागली. खरीखुरी. ती मला सोडून चाललीय, हे मला कळलं होतं आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

*

आता अकरावी शाळेतच असते, त्यामुळे प्रयोगशाळाही तीच, आणि तिथले व्हर्नियर कॅलिपरही आईबाबांच्या काळातले. व्हर्नियर म्हणजे बारीक वस्तूंची जाडी मोजायचं साधन. आमच्या भौतिकशास्त्राच्या जाधव मॅडमचं एकच ब्रीद: "मोजायच्या आधी शून्य बघा! शून्य!" म्हणजे जबडे पूर्ण मिटले तर पट्टीनं शून्य दाखवायला हवं. काही साधनं झिजलेली असतात, मिटलेली असतानाच भलता आकडा दाखवतात. ही शून्य त्रुटी. ती वजा केली नाही तर तुम्ही हजार वेळा मोजा, हजार वेळा चुकाल, आणि मजा म्हणजे हजारही वेळा तुमची उत्तरं एकमेकांशी छान जुळतील.

मी धातूच्या गोळीचा व्यास मोजत होते. मॅडम मागून ओरडल्या, "चौगुले, शून्य बघितलंस का?"

आणि माझ्या हातातून गोळी खाली पडून घरंगळत गेली.

ताईचं शून्य कुणी बघितलं होतं? कड्यानं ताईची आधाररेषा काढली ती सातव्या महिन्यात, जेव्हा ताई आधीच मिटलेली होती. कड्याला वाटलं, ही बाई अशीच. सपाट आवाजाची, तुटक झोपेची, भिंतीकडे बघणारी. तीच तिची मोजपट्टी. मग बाळ झालं, ती तशीच मिटलेली राहिली, आणि कडं म्हणालं, वा, काहीच बदल नाही! हिरवा!

घरी येऊन मी ताईची दोन वर्षांपूर्वीची मैदानातली चित्रफीत शोधली, आणि तिनं मला पाठवलेले जुने बोललेले निरोपही. त्यात ती मला शिव्याच देतेय, पण काय चढउतार! शाळेच्या संगणकावर आवाजाचा आलेख काढून देणारा प्रोग्रॅम आहे. जुन्या ताईचा आलेख म्हणजे डोंगररांग. डोहाळजेवणाच्या व्हिडिओतला म्हणजे तव्यावरची भाकरी. आणि जग त्या भाकरीला प्रसन्न म्हणत होतं.

इतका सोपा मुद्दा. मला वाटलं, मोठ्या माणसांना सांगितलं की पाच मिनिटांत समजेल. मोठ्या माणसांबद्दल मी फारच उदार मत बाळगून होते.

दाजींना व्हिडिओ कॉल केला. मागे पवनचक्की फिरत होती, आणि दाजींच्या डोक्यातही बहुधा तीच.

"तनू, अगं डेटा खोटं बोलत नाही."

"दाजी, डेटा खोटं नाही बोलत, पण चुकीच्या प्रश्नाचं खरं उत्तर देतोय."

"वा! मोठी झालीस गं!" म्हणाले. झालं. विषय संपला. मोठं झाल्याबद्दल माझं कौतुक, आणि म्हणणं मात्र छोट्या मुलीचं.

मग योजनेची मदतवाहिनी. तिथं माणूस नाहीच, एक साखरेच्या पाकातला आवाज.

"अभिनंदन! प्रणोतीताई प्रसन्न आहेत."

"नाहीत. त्यांची आधाररेषा चुकीची आहे. नवीन काढायचीय."

"आधाररेषा बदलण्यासाठी मातेचा दिवा लाल असणं आवश्यक आहे."

"अहो, आधाररेषा चुकीची आहे म्हणूनच तर तो लाल होत नाही!"

"आपल्या आवाजात ताण जाणवतो. आपल्यासाठी कडं नोंदवायचं आहे का?"

"मी सोळा वर्षांची आहे!"

"आपल्या गरोदरपणाबद्दल अभिनंदन!"

मी फोन गादीवर आपटला. जमिनीवर आपटण्याइतकी मी वेडी नाही.

राहिल्या आशाताई. त्या बिचाऱ्या वाईट नाहीत, पण दमून दमून त्यांचं असं झालंय की कुठलीही गोष्ट ऐकायच्या आधीच त्या मान हलवतात.

"पूर्वी आम्ही तोंडानं विचारायचो गं," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत हसू आलं का, उगीच भीती वाटते का, स्वतःलाच दोष देतेस का, असे प्रश्न होते. बाई खरं सांगायची. कधीकधी रडायची पण. वेळ जायचा फार."

"मग आता का नाही विचारत?"

"आता कडं आहे ना."

"पण विचारायला बंदी आहे का?"

"बंदी कशाला असेल?" त्या गोंधळल्या. "पण विचारून सांगायचं कुणाला? मी लाल म्हटलं आणि कडं हिरवं म्हणालं, तर माझं कोण ऐकतंय?"

म्हणजे एवढं शिकलेलं राज्य, आणि बाईला दोन शब्द विचारायचे तर आधी यंत्राची परवानगी! मला आशाताईंचा इतका राग आला की मी त्यांना नमस्कारही न करता निघाले. पण प्रश्न मात्र पाठ करून घेतले.

*

खोलीचं दार लावलं आणि खिडकी उघडली. ओव्याच्या धुरात कुणाला खरं बोलता येईल असं मला वाटत नाही. बाळ झोपलेलं होतं.

"ताई, मी तुला काही विचारणार आहे आणि तू 'बरी आहे' म्हणायचं नाही."

"बरी—"

"गप. आठ दिवसांत तुला कशाचं हसू आलं?"

ती विचार करत राहिली. खरंच आठवत होती बिचारी, जसं कुणी हरवलेली किल्ली आठवतं.

"नाही," शेवटी म्हणाली.

"उगीचच स्वतःला दोष देतेस?"

मग ती बोलली. गेल्या कित्येक महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य. "मैदान संपलंय, माणसं उठून गेलीत, दिवे घालवलेत, आणि माझ्या डोक्यात एकजण अजून माईकवर बोलतोय. थांबतच नाही. 'बघा, बाळाला नीट धरता येत नाही. बघा, आईला राबवते. बघा, एवढा खर्च करून दिली आणि ही अशी निघाली.' दिवसभर तेच. झोपेतपण."

"कधीपासून?"

"पोट दिसायला लागायच्या आधीपासून."

मला शेवटचा प्रश्न विचारायचा होता आणि मी उगीच खिडकीची कडी हलवत राहिले. सगळ्यांना तोडून बोलणारी मी! पण विचारला. जीव द्यावासा वाटतो का, असा सरळ, त्याच शब्दांत.

ताईनं माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

"रोज," ती म्हणाली. "तू विचारलंस म्हणून सांगते. नाहीतर कुणी विचारलंच नव्हतं. आणि मग वाटायचं, हिरवं दिसतंय म्हणजे बरीच असेन मी. हे सगळं माझं नाटक असेल."

मी तिला मिठी मारली नाही. आमच्यात ती पद्धत नाही. मी तिचा हात धरला, कडं नसलेला, आणि तसाच धरून जोरात ओरडले, "आई! इकडं ये! आत्ताच्या आत्ता!"

आई आली ती पिठाचे हात घेऊन. मी जे ताईनं सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. आईची नजर आधी कुठं गेली माहितीय? मनगटावर.

"पण हिरवं आहे गं," ती म्हणाली. आणि मग आवाज एकदम खाली: "हळू बोल. ते ऐकतं. विहीणबाईंच्या फोनवर लाल गेलं म्हणजे? म्हणतील, वेडी पोरगी आमच्या गळ्यात मारली. नेणारच नाहीत परत. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढंच कळतं की परत न्यायला ती असायला पाहिजे."

आईनं माझ्यावर हात उगारला. पिठाचा हात वरच राहिला, कारण मी तेवढ्यात फोनवर ती जुनी चित्रफीत लावली होती. खोलीत ताईचा आवाज घुमला. हजारभर माणसांच्या शिट्ट्या आणि त्यांच्या वर तो खणखणीत, उनाड आवाज: "अहो पाहुणे, उठा उठा, तो पाठीवर पडलाय, तुम्ही का आडवे झालात?"

बाळ जागं झालं. रडलं नाही. ऐकत राहिलं.

"ताई," मी म्हणाले, "आता यातलंच काहीतरी म्हण."

"नको गं," ताई म्हणाली. तेवढंच. दोन शब्द, विझलेल्या निखाऱ्यासारखे.

आई दोन्ही आवाज ऐकून उभी होती. मग तिनं पदरालाच हात पुसले, जे ती एरवी कधीच करत नाही, आणि म्हणाली, "रिक्षा बोलाव."

*

बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत उंबऱ्याबाहेर, तीही भर दुपारी! कमलकाकू त्यांच्या दारात अशा उभ्या जशी मिरवणूकच निघालीय.

"अगं, कुठं निघालात? अजून दिवस व्हायचेत!"

"दवाखान्यात," आई म्हणाली.

"का? हिरवं आहे की!"

"असू दे," आई म्हणाली आणि रिक्षाचा पडदा ओढला. मला आईचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि कमलकाकूंचा चेहरा तर मला जन्मभर पुरेल.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नावनोंदणीचं यंत्र होतं. त्यानं ताईचं कडं वाचलं आणि पडद्यावर फूल उमललं: 'आपण प्रसन्न आहात. मानसोपचार विभागाची गरज नाही.' मी त्या फुलाला जे म्हणाले ते इथं लिहिता येणार नाही. आणि मग सरळ आत गेले, दारं उघडत उघडत, जोपर्यंत एका दारामागे माणूस सापडलं नाही तोपर्यंत. डॉक्टर शिरगुप्पे, पांढऱ्या केसांच्या, डबा खात होत्या.

"नंबर आलाय का?" त्यांनी विचारलं.

"यंत्र देत नाही. माझी ताई मरणार आहे आणि तिचा दिवा हिरवा आहे."

त्यांनी डबा बंद केला. त्यांनी ताईला आत घेतलं, आईला आणि मला बाहेर काढलं, आणि बराच वेळ दार उघडलं नाही. मग आम्हाला बोलावलं. मी आधाररेषेचं सगळं भाषण तयार ठेवलं होतं, आलेखासकट. त्यांनी पहिल्या दोन वाक्यांतच मान डोलावली.

"बरोबर आहे तुझं. पण मला आलेख लागला नाही. तिनं सांगितलं तेवढं पुरे होतं." मग आईकडे वळून, "हा आजार आहे. नाटक नाही, स्वभाव नाही, आईपणाचं शहाणपण तर मुळीच नाही. गरोदरपणातच सुरू झालेला असतो पुष्कळदा. अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं आहेत. गुण यायला काही आठवडे लागतील, लगेच हसायला लागेल अशी अपेक्षा नको. काही दिवस दोघींना इथंच ठेवू, बाळ तिच्याजवळच राहील. आणि तिला एकटं सोडायचं नाही. अजिबात."

"आणि हे?" आईनं कड्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी ताईला विचारलं, "काढू?"

ताईनं हात पुढं केला.

कडं निघालं आणि मिनिटाच्या आत आईचा फोन वाजला. साहजिकच. चौघांच्या खिशातला दिवा एकदम विझला होता. विहीणबाई.

आई बाहेरच्या बाकावर येऊन बसली. घाईत तिचं बोट भलतीकडं पडलं, त्यामुळे फोनचा स्पीकर चालू झाला. मी हात पुढं केला, म्हटलं, दे, मी बोलते. मी त्या बाईंना असं सुनावलं असतं की अकलूजपर्यंत फोनची गरज पडली नसती. आईनं दिला नाही.

"कडं बंद का दाखवतंय हो? सकाळी तर हिरवं होतं," विहीणबाई.

"काढलंय," आई म्हणाली. " प्रणोती आजारी आहे. मनाचा आजार. आम्ही दवाखान्यात आहोत. बाळ व्हायच्या आधीपासून आहे तिला हे, आणि ते कडं पहिल्यापासून चुकत होतं."

  मी मनातल्या मनात विहीणबाईंची सगळी संभाव्य वाक्यं आणि त्यांना माझी उत्तरं तयार करत होते.

"मला वाटलं होतं," विहीणबाई म्हणाल्या.

"काय?"

"इथं असताना ती न्हाणीत नळ सोडून रडायची. मी दाराबाहेर उभी असायची टॉवेल घेऊन. हाक मारावी का, नको का, असं करत. म्हटलं, डोहाळजेवणात कडं घालतीलच, मग कळेल. तर ते हिरवं आलं. म्हटलं, आपल्याला काय कळतंय, आपण काय शिकलोय."

माझ्या तोंडातली सगळी उत्तरं तिथंच वाळली. म्हणजे विहीणबाईंनीही ऐकलं होतं. आईनं, आत्यानं, कमलकाकूंनी, सगळ्यांनी दोन धडधाकट कानांनी ऐकलं होतं. शेंबडं पोरसुद्धा ओळखेल अशी गोष्ट, आणि हे लोक मसुरीएवढ्या दिव्याला विचारत बसले होते की आपल्याला दिसतंय ते खरं का! यांना अडाणी म्हणायची पण सोय नाही. अडाणी माणूस निदान डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

"मी उद्याच्या पहिल्या गाडीनं निघते," विहीणबाई म्हणत होत्या.  "येऊ ना? चालेल ना तिला?"

आईनं काचेतून आत बघितलं. ताई पलंगाच्या कडेला बसली होती, बाळ मांडीवर, आणि डॉक्टर तिला काहीतरी विचारून गप्प राहून वाट बघत होत्या. ताईला वेळ लागत होता. डॉक्टर थांबल्या होत्या.

"या," आई म्हणाली. "पण बाई, आल्यावर आम्हाला काही विचारू नका. तिला विचारा. आणि ती बोलेपर्यंत थांबा."